मलम लावताना हात कुठे सढळ, कुठे आखडता

बहुतेक घरांत औषधांच्या डब्यात एक अर्धी पिळलेली ट्यूब असते. ती कुणासाठी आणली होती हे कुणालाच नीट आठवत नाही. सासऱ्यांच्या घोट्यावरच्या इसबासाठी, नाहीतर धाकट्या दिराच्या जांघेतल्या गजकर्णासाठी. 'तिने दोन दिवसांत फरक पडला होता' एवढी ख्याती मात्र शिल्लक असते. मग कुणाच्या गालावर काही उठलं की तीच ट्यूब बाहेर निघते आणि सढळ हाताने चोळली जाते. त्याच घरात अंगाला लावायचं मॉइश्चरायझर मात्र पुरवून पुरवून वापरतात. दोन्ही पायांना मिळून वाटाण्याएवढं.

व्हायला हवं याच्या बरोबर उलट. कोरड्या त्वचेवर लावायची स्निग्ध क्रीमं भरपूर लागतात, रोज लागतात आणि त्यांनी सहसा काही बिघडत नाही. औषधी मलमं मात्र मोजून लावायची, नेमून दिलेल्या जागी आणि नेमून दिलेले दिवस. चुकीच्या औषधाने आजार लांबतो हे सगळ्यांना पटतं. योग्य औषधही किती, कुठे आणि किती दिवस हे न कळल्यामुळे वाया जातं, याकडे मात्र फारसं लक्ष जात नाही.

कोरडेपणा येतो कुठून

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधली चरबी म्हणजे सांध्यातला चुना, अशी भिंतीची उपमा त्वचारोगतज्ज्ञ नेहमी देतात आणि ती चपखल आहे. या चुन्यात सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं असतात. तो भक्कम असला की आतलं पाणी आत राहतं आणि साबण, धूळ, जंतू बाहेर. तो झिजला की पाणी उडून जातं, त्वचा खडबडीत होते, खाज सुटते. खाजवलं की भिंत आणखी खचते आणि खाज आणखी वाढते.

काहींची भिंत जन्मतःच कच्ची असते. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या कामातून कळलं, की फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असेल तर त्वचा कोरडी राहते आणि लहानपणी इसब होण्याची शक्यता बरीच वाढते. हे प्रथिन वरच्या थराची बांधणी घट्ट ठेवतं आणि त्यात ओलावा टिकवतं. 'अंगात उष्णता आहे', 'रक्त खराब झालंय' ही आपल्याकडची आवडती निदानं. त्यावर महिनोन्‌महिने पथ्यपाणी चालतं, आणि पायाच्या पोटऱ्या तशाच पांढऱ्या, खवले धरलेल्या.

ज्यांची भिंत चांगली असते त्यांची आपण बिघडवतो. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच पाचच्या आसपास. अंगाचा नेहमीचा साबण नऊ-दहाच्या घरात, म्हणजे अल्कधर्मी. कढत पाणी, दिवसातून दोनदा साबण, वर वज्रीने घासणं आणि बोअरच्या जड पाण्यात न निघणारा साबणाचा साका, एवढं झालं की डिसेंबरात त्वचा तडकायला वेगळं कारण लागत नाही. बाळाची लव जावी म्हणून डाळीच्या पिठाचे गोळे अंगावर फिरवण्याची पद्धत अजून आहे. आजीचा हेतू चांगला असतो, पण त्या कोवळ्या त्वचेला याहून वाईट वागणूक देता येणार नाही. तेल लावायला हरकत नाही; चोळणं, घासणं थांबवा. साबण लावायचाच तर काखा, जांघा आणि पावलं इतक्यापुरता, आणि इसब असेल तर साध्या साबणाऐवजी सौम्य, कमी पीएचचा.

स्निग्ध लेप: कोणता आणि किती

या लेपांची कामं तीन. काही त्वचेवर पातळ पडदा धरून पाणी उडू देत नाहीत. पेट्रोलियम जेली आणि लिक्विड पॅराफिन ही त्यांतली नावाजलेली. पेट्रोलियम जेलीचं पेटंट रॉबर्ट चेसब्रो या रसायनतज्ज्ञाने १८७२ मध्ये घेतलं आणि आजही पाणी अडवण्यात तिचा हात धरणारं फारसं काही नाही. काही घटक पाणी ओढून धरतात: ग्लिसरीन, युरिया, लॅक्टिक आम्ल. तिसरे, सिरॅमाइडसारखे, झिजलेला चुना भरून काढायला मदत करतात. बाजारातल्या बहुतेक क्रीमांत या तिन्हींचं कमीअधिक मिश्रण असतं. किंमत ठरते ती बाटलीवर, सुगंधावर आणि जाहिरातीवर. इसब असलेल्या माणसाने सुगंधी काही घेऊच नये. वासासाठी घातलेली द्रव्यं हीच पुष्कळदा त्वचेला खुपतात.

लोशन, क्रीम, ऑइंटमेंट हा फरक मुख्यतः पाण्याच्या प्रमाणाचा. लोशन पातळ, पटकन पसरतं, लवकर उडतं. ऑइंटमेंट चिकट, पण टिकाऊ. यातलं चांगलं कोणतं? ब्रिटनमध्ये इसब असलेल्या ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट यांची तुलना झाली. निष्कर्ष २०२२ मध्ये आले: परिणामात चौघांत म्हणण्यासारखा फरक नाही. म्हणजे जे तुम्ही रोज न कंटाळता लावाल तेच उत्तम. मुंबईच्या घामट जून महिन्यात ऑइंटमेंट लावून लोकलमध्ये उभं राहणं कुणाला जमणार? तिथे लोशन. नागपूरच्या जानेवारीत रात्री झोपताना पेट्रोलियम जेली.

खोबरेल तेलाबद्दल हमखास विचारलं जातं. कोरड्या त्वचेला ते चालतं, स्वस्त आहे, आणि लहान मुलांच्या इसबात शुद्ध, न तापवलेल्या खोबरेलाचा उपयोग दिसल्याचा अभ्यासही आहे. मुरुमं येणाऱ्या चेहऱ्याला मात्र ते लावू नये, छिद्रं बुजतात. मोहरीचं तेल इसबावर झोंबतं. आणि परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांनी बाळासाठी आणलेलं ऑलिव्ह तेल स्वयंपाकघरात जाऊ द्या. त्यातल्या ओलेइक आम्लामुळे त्वचेची भिंत उलट कमकुवत होते.

आता प्रमाण. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एकदा नीट क्रीम लावायचं तर साधारण ३० ग्रॅम लागतं. म्हणजे १०० ग्रॅमची बाटली तीन-चार वेळा पुरते. इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम द्या, असं ब्रिटनमधली सरकारी मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आपल्याकडे ५० ग्रॅमची ट्यूब दोन महिने पुरवणारी घरं आहेत! तेव्हा 'मॉइश्चरायझर लावलं, काही उपयोग झाला नाही' असं कुणी म्हणालं की आधी विचारावं: किती लावलं? दर आठवड्याला अर्धा किलो महागडं क्रीम घेणं फार थोड्यांना परवडेल हे उघड आहे. म्हणूनच मोठ्या डब्यातली साधी पेट्रोलियम जेली, लिक्विड पॅराफिन किंवा खोबरेल यांना कमी लेखू नये. महाग क्रीम चिमूटभर लावण्यापेक्षा स्वस्त लेप ओंजळीने लावलेला बरा.

लावायची वेळ आंघोळ झाल्या झाल्या. पंचाने अंग टिपून घ्यायचं, खसाखसा पुसायचं नाही, आणि तीनेक मिनिटांत, त्वचा दमट असतानाच लेप द्यायचा. केसांच्या दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने. उलटं चोळलं की केसांच्या मुळांशी पुळ्या येतात. डबा असेल तर बोटं न बुडवता चमच्याने काढा. आंघोळीच्या पाण्यात ओतायची खास तेलंही विकली जातात. ४८२ मुलांवरच्या ब्रिटिश चाचणीत २०१८ मध्ये त्यांचा वेगळा काही फायदा दिसला नाही, आणि न्हाणीघराची फरशी निसरडी होते ते वेगळंच.

एक धोका आपल्याकडे कुणी सांगत नाही. पॅराफिन असो की तेल, ते कपड्यांत मुरतं आणि असा कपडा ठिणगीने झपाट्याने पेटतो. ब्रिटनमध्ये यातून मृत्यू झाले आहेत आणि तिथल्या औषध नियामकाने तसा इशारा दिला आहे. अंगभर लेप लावून गॅसपाशी ओढणी किंवा पदर सोडून उभं राहू नका. निरांजन, समई, विडी, सगळ्यांपासून तेवढं अंतर ठेवा. रोजच्या लेपाने तेलकट झालेले कपडे आणि चादरी वारंवार धुवाव्यात, पण धुतल्यावरही धोका पूर्ण जात नाही.

लेप लावले म्हणजे इसब होणारच नाही, असंही नाही. घरात दमा-इसबाचा वारसा असलेल्या १३९४ बाळांच्या अभ्यासात वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावूनही इसब टळलं नाही, हे २०२० मध्ये स्पष्ट झालं. झालेलं इसब आटोक्यात ठेवायला लेप हवेतच. पण 'तू बाळाला नीट लावलं नाहीस म्हणून झालं' असं एखाद्या आईला सुनावणाऱ्यांनी हा अभ्यास लक्षात ठेवावा.

इथेच शाळकरी मुलांच्या गालांवरच्या फिकट पांढऱ्या चट्ट्यांचंही सांगून टाकतो. 'जंत झालेत' किंवा 'कॅल्शियम कमी आहे' असं म्हणून त्यांना औषधं पाजली जातात. हे बहुधा सौम्य इसब असतं. आपल्या सावळ्या कातडीवर ते उन्हाळ्यात उठून दिसतं, कारण भोवतालची त्वचा रापते आणि तो भाग रापत नाही. साधं मॉइश्चरायझर, उन्हापासून जपणं आणि काही महिन्यांचा धीर, बस. चट्टा दुधासारखा पांढराशुभ्र असेल किंवा त्याला स्पर्श कळत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा; ते कोड किंवा कुष्ठरोग असू शकतो.

स्टेरॉइड: चांगलं औषध, वाईट सवय

भडकलेलं, खाजणारं, पाणी सुटणारं इसब नुसत्या लेपाने शमत नाही. तिथे स्टेरॉइड लागतं. १९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटन या अमेरिकी डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोनसारखं द्रव्य त्वचेवर लावून इसब बरं होत असल्याचं दाखवलं, आणि त्वचारोगांचे उपचारच बदलले. स्टेरॉइड त्वचेतली दाहाची प्रक्रिया दाबतं. खाज थांबते, लाली जाते, झोप लागते.

पण सगळी स्टेरॉइडं सारखी नसतात, आणि ट्यूबवरचे टक्के पाहून अंदाज केला तर हमखास फसाल. १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य औषध. ०.०५ टक्के क्लोबेटासोल हे सगळ्यांत जहाल, हायड्रोकॉर्टिसोनच्या सुमारे ६०० पट ताकदीचं मानलं जाणारं. मधल्या पायऱ्यांवर क्लोबेटासोन, मोमेटासोन, बीटामेथासोन वगैरे. क्लोबेटासोन आणि क्लोबेटासोल ही नावं कानाला सारखी लागतात, ताकदीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. नावाच्या शेवटी 'सोन', 'सोल' किंवा 'लोन' दिसलं की सावध व्हायला हरकत नाही. सगळीच नावं हा नियम पाळत नाहीत, पण बरीचशी स्टेरॉइडं अशी ओळखता येतात.

किती लावायचं याचं माप तुमच्याच हातात आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंतचं जे पेर, त्यावर ट्यूबमधून पिळलेली एक सलग रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. १९९१ मध्ये लाँग आणि फिनले या डॉक्टरांनी हे माप रूढ केलं. एवढं मलम मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांइतक्या जागेला पुरतं. चेहरा आणि मानेला अडीच पेरं, एका हाताला तीन, पंज्याला एक, एका पायाला सहा, पावलाला दोन. लहान मुलालाही मोठ्यांच्याच पेराने मोजायचं आणि मोठ्यांच्याच तळहाताने जागा मापायची. थोडा हिशेब करून पाहा. तळहाताएवढा चट्टा, दिवसातून एकदा, तर महिन्याला साडेसात ग्रॅम. अशा चट्ट्यावर २० ग्रॅमची ट्यूब आठवड्यात संपत असेल तर हात सुटलेला आहे. आणि सहा महिने पुरत असेल तर 'स्टेरॉइड वाईट' या भीतीने औषध टेकवलं जातंय, लावलं जात नाही. त्याने इसब अर्धवट राहतं, परत परत उसळतं, आणि शेवटी औषध जास्तच लागतं.

कुठे लावायचं हा त्याहून मोठा प्रश्न. त्वचा सगळीकडे सारखं औषध शोषत नाही. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख यांनी ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागाची त्वचा एक पट शोषते असं धरलं तर कपाळ सहा पट, जबडा तेरा पट, आणि अंडकोषाची त्वचा बेचाळीस पट. तळपायातून जेमतेम सातवा भाग आत जातो. म्हणून तळव्याच्या जाड इसबाला जहाल स्टेरॉइड देणारे डॉक्टर चेहऱ्यासाठी सौम्य लिहितात. त्यात कंजूषपणा नसतो. क्लोबेटासोल सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नाही आणि आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर नाही, अशी त्याची मर्यादा. चेहरा, काख, जांघ इथे ते जाऊच नये.

मर्यादा ओलांडली की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुळ्या येतात, बायकांच्या हनुवटीवर लव वाढते. जांघेत आणि काखेत कातडी ताणून फाटल्यासारखे पट्टे उमटतात, आणि ते पट्टे आयुष्यभर राहतात.

जांघेतली मिश्र ट्यूब

मेडिकलच्या काउंटरवर माणूस आवाज खाली करून 'खाजेची ट्यूब द्या' म्हणतो. दुकानदार हात मागे नेतो आणि एक रंगीत खोका पुढे सरकवतो. त्यात बहुतेकदा तीन-चार औषधं एकत्र: बुरशी मारणारं एक, जंतू मारणारं एक, आणि एक जहाल स्टेरॉइड. निदान करायची गरजच नाही. बुरशी असो, जंतू असो, इसब असो, काहीतरी लागू पडेल हा हिशेब.

गजकर्ण म्हणजे बुरशी. ती त्वचेतल्या केराटिन या प्रथिनावर जगते आणि बाहेरच्या बाजूने पसरत जाते, म्हणून कड उचललेली, लालसर किंवा काळपट, आणि मधला भाग निवळलेला असं कडं दिसतं. आपलं शरीर या बुरशीशी लढत असतं. ती लाली, ती खाज ही त्या लढाईचीच. स्टेरॉइड नेमकी ही लढाई थांबवतं. दोन दिवसांत खाज गायब, माणूस खूश, आणि बुरशीला मोकळं रान. आठवड्याने ट्यूब थांबवली की खाज दुपटीने परतते. माणसाला वाटतं औषध चांगलं आहे, मीच मध्ये सोडलं. मग तीच ट्यूब पुन्हा. कड्याची नीट गोल कड पुसली जाते आणि असा चट्टा अनुभवी डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही. आणि हे सगळं शरीरातल्या खूप जास्त शोषणाऱ्या जागेवर.

हा खेळ देशभर इतका चालला की बुरशीही बदलली. टर्बिनाफिन हे गजकर्णावरचं हुकमी औषध. त्याला दाद न देणारी बुरशी भारतात पसरली. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं स्वतंत्र नाव दिलं. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये नोंदली गेली. नावात आपल्या देशाचा उल्लेख यावा असं कर्तृत्व हे नव्हे.

कायदा काय म्हणतो? पूर्वी स्टेरॉइडच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत नसत, पण त्वचेवर लावायच्या मलमांना सूट होती. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या गैरवापराविरुद्ध कृतिगट नेमून बरीच वर्षं पाठपुरावा केला. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांची मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात त्वचेची काही मलमंही होती. कागदावर सगळं आहे. काउंटरवर अजूनही चिठ्ठी क्वचितच विचारतात, म्हणून खोक्यावर लाल उभी रेघ, म्हणजे चिठ्ठीवरच्या औषधाची खूण, आहे का हे आपणच बघायचं.

मग गजकर्णाचं करायचं काय? नुसतं बुरशीनाशक मलम, ज्यात दुसरं काही नाही. दिवसातून एकदा की दोनदा ते औषधावर अवलंबून. लावताना कड्याच्या बाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. आणि डाग गेल्यावरही आणखी दोन आठवडे. बहुतेकांचं इथेच चुकतं. खाज थांबली की ट्यूब डब्यात. चट्टे मोठे, अनेक किंवा जुने असतील, डोक्यात किंवा नखांत असतील, तर मलम पुरत नाही, गोळ्या लागतात आणि त्या डॉक्टरांनीच ठरवायच्या.

औषधाइतकंच बाकीचं. करदोटा घालत असाल तर काढा. दमट दोऱ्यात बुरशी आरामात राहते. साडीच्या परकराची नाडी एकाच जागी घट्ट बसते आणि तिथे घाम साचतो, ती जागा अधूनमधून बदला, नाडी सैल बांधा. घट्ट जीन्स पावसाळ्यापुरती कपाटात. पंखा लावून घरात वाळवलेली, अर्धवट दमट अंतर्वस्त्रं घालण्यापेक्षा ती उलटी करून इस्त्री करा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. घरात दुसऱ्या कुणाला खाज असेल तर त्यांचेही उपचार त्याच वेळी, नाहीतर बुरशी घरातल्या घरात पाहुणचार घेत फिरते. जांघेत थापलेली टाल्कम पावडर बुरशी मारत नाही, घामाबरोबर तिचे गोळे तेवढे होतात.

चेहऱ्यावरचं स्टेरॉइड

१९७५ मध्ये अमेरिकी डॉक्टर क्लिगमन यांनी वांगासारख्या काळ्या डागांसाठी तीन औषधांचं मिश्रण सुचवलं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. ते होतं डागांसाठी, देखरेखीखाली, मर्यादित काळासाठी. त्याचे बदललेले अवतार आपल्याकडे गोरं करणारी क्रीमं म्हणून घरोघरी पोचले. लग्न ठरलं की मुलगी लावू लागते, मैत्रीण सुचवते, पार्लरमध्ये सांगतात. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो. मग थांबवलं की दोन दिवसांत आग, लाली, पुरळ. पुन्हा लावलं की शांत. ही सवय लागते, आणि तिच्यामुळे बिघडलेल्या चेहऱ्याला भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी स्वतंत्र आजाराचं नावच दिलं आहे. यातून बाहेर पडता येतं, पण काही आठवडे ते काही महिने त्रासाचे जातात. डॉक्टरांच्या सल्ल्याने, सौम्य लेप आणि इतर औषधांच्या आधाराने ते काढावे लागतात.

चेहरा, पापण्या, मान इथे इसब वारंवार येत असेल तर स्टेरॉइड नसलेलं टॅक्रोलिमस मलम मिळतं. त्याने त्वचा पातळ होत नाही. पहिले काही दिवस चुरचुरतं, आणि त्याच भीतीने पुष्कळ जण ते सोडून देतात. ही चुरचुर सहसा आठवड्याभरात कमी होते.

लेप आणि औषध दोन्ही लावायचं असेल तर मध्ये वीस-तीस मिनिटं जाऊ द्या, म्हणजे औषध पातळ होऊन भलतीकडे पसरत नाही. आधी काय, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. जे जमेल ते, पण रोज त्याच क्रमाने.

खरूज आणि किरकोळ बाकी

रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुळ्या, आणि घरात आणखी कुणाला तरी तसंच, असं असेल तर ती खरूज असण्याची शक्यता मोठी. हा किडा आहे, इसब नाही. ५ टक्के पर्मेथ्रिन क्रीम मानेपासून तळव्यांपर्यंत, नखांच्या खाली आणि बेचक्यांतसुद्धा, रात्रभर ठेवून सकाळी धुवायचं. आठवड्याने पुन्हा एकदा. लहान बाळं आणि म्हातारी माणसं यांना डोकं-चेहऱ्यासकट लावायचं का, हे डॉक्टरांना विचारा. मुख्य म्हणजे घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज नसलेल्यांनीही. इथे हात आखडता घेतला की खरूज हटत नाही. किडे मेल्यावरही दोन-तीन आठवडे खाज राहू शकते. म्हणून रोज पर्मेथ्रिन चोळत बसू नये.

टाचांच्या भेगांना युरियाचं किंवा सॅलिसिलिक आम्लाचं मलम, रात्री लावून वर सुती मोजे. मधुमेह असेल तर बोटांच्या बेचक्यांत काही चिकट लावू नका, आणि भेगेतून रक्त किंवा पू दिसला तर घरचे उपाय थांबवा. मुरुमांवर बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा अडापालिन. फक्त पुळीवर नाही, सगळ्या चेहऱ्यावर वाटाण्याएवढं, आणि परिणामाला दोन-तीन महिने द्या. बेंझॉइल पेरॉक्साइडने उशीचा अभ्रा आणि टॉवेल फटफटीत होतात. सोरायसिस मात्र मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने हाताळायचा आजार नाही. त्यात जहाल स्टेरॉइड अंगभर लावून अचानक थांबवलं तर आजार भयंकर उसळू शकतो.

दोन आठवड्यांत फरक नाही, पसरतंय, ताप आहे, डोळ्याजवळ आहे किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. आणि इसब असलेल्या मुलाच्या अंगावर अचानक, एकसारख्या आकाराच्या, पोचल्यासारख्या, दुखऱ्या जखमा उठल्या आणि मूल मलूल झालं, तर तो नागिणीच्या जातीतल्या विषाणूचा, हर्पिसचा संसर्ग असू शकतो. त्यावर कोणतंही मलम लावत न बसता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.